अनवाणी धावून रोम जिंकणारा अबेबे बिकिला : पाय थांबले, तरी तो थांबला नाही

१० सप्टेंबर १९६०. रोममध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी ऑलिम्पिक मॅरेथॉनचे धावपटू उभे होते. उन्हाळ्याचा त्रास नको म्हणून शर्यत मुद्दाम संध्याकाळी ठेवलेली. या घोळक्यात हिरव्या बनियनमधला, ११ नंबर लावलेला एक सडपातळ सैनिक होता. त्याच्या पायात बूट नव्हते.

त्या काळी इथिओपियाच्या धावपटूंकडं कुणी गांभीर्यानं बघत नव्हतं. त्यात हा गडी अनवाणी. पुढं ४२.१९५ किलोमीटर, वाटेत जुन्या रोमचे दगडी रस्ते. हा अर्ध्यातच बसणार, असं बघणाऱ्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

सव्वादोन तासांनी अंधारात, कॉन्स्टंटाईनच्या कमानीखाली तो सगळ्यात आधी पोचला. वेळ होती २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंद. हा वर्ल्ड रेकॉर्ड होता. आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय खेळाडूनं आपल्या देशासाठी मिळवलेलं हे पहिलं ऑलिम्पिक गोल्ड मेडल.

त्याचं नाव अबेबे बिकिला.

इथिओपियात आपल्यासारखी आडनावं नसतात. आपलं नाव आणि पुढं वडिलांकडचं नाव, एवढंच. त्यामुळं जग त्याला बिकिला म्हणत असलं, तरी त्याच्या देशात तो अबेबेच.

जगानं त्याची एकच गोष्ट लक्षात ठेवली, अनवाणी पाय. गरीब देशातला साधाभोळा माणूस, बूट घ्यायला पैसे नाहीत, नुसता निसर्गाच्या देणगीवर जिंकला, अशी ही कथा रंगवून सांगितली जाते. ऐकायला ती भारी वाटते. पण ती अर्धवट आहे, आणि या अर्धवट कथेत अबेबेची मेहनत झाकली जाते.

गुरं राखणारा पोरगा सैन्यात कसा गेला?

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ चा, इथिओपियाच्या शेवा भागातल्या जातो नावाच्या खेड्यातला. योगायोग असा की त्याच दिवशी अमेरिकेत लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली गेली होती.

तो तीन वर्षांचा असताना, ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीच्या इटलीनं इथिओपियावर हल्ला केला. इटलीच्या विमानांनी विषारी वायूसुद्धा वापरला. मे १९३६ मध्ये राजधानी अदिस अबाबा पडली आणि सम्राट हैले सेलासी यांना देश सोडावा लागला. या धामधुमीत अबेबेच्या घरच्यांनाही गाव सोडून दूरच्या भागात जावं लागलं. १९४१ मध्ये सम्राट परत आले.

लहानपणी अबेबे गुरं राखायचा आणि गेना खेळायचा. गेना म्हणजे तिथली पारंपरिक हॉकी. मैदान लांबच लांब असतं, त्यामुळं खेळणाऱ्याला चेंडूमागं नुसतं पळत राहावं लागतं.

विशीत आल्यावर तो अदिस अबाबाला आला आणि सम्राटांच्या इम्पिरियल गार्डमध्ये, म्हणजे शाही रक्षक दलात भरती झाला. सुलुल्ताच्या डोंगराळ भागातून राजधानीपर्यंत आणि परत असं सुमारे २० किलोमीटर अंतर तो रोज पळायचा. तेव्हा त्याच्या डोक्यात ऑलिम्पिक वगैरे काही नव्हतं. त्याच्यासाठी तो नोकरीवर जायचा रस्ता होता.

एका स्वीडिश कोचची नजर

इथिओपिया सरकारनं शाही रक्षक दलाच्या जवानांना ट्रेनिंग देण्यासाठी ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाला नेमलं होतं. अबेबेची धाव त्याच्या नजरेत भरली.

निस्कानेननं त्याच्या पळण्याला शिस्त लावली. लांब पल्ल्याच्या धावा, डोंगरातले चढ, ठरावीक अंतरं ठरावीक वेळेत पुन्हा पुन्हा धावणं असा हा सराव होता. अबेबे बूट घालूनही पळायचा आणि अनवाणीही.

इथं भूगोलही समजून घ्यायला हवा. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेसहाशे मीटर उंचावर हा माणूस रोज पळत होता. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, दर श्वासाला ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर हळूहळू त्याला सरावतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. असा माणूस खाली सखल भागात येऊन पळाला की त्याला फायदा होतो.

पण नुसत्या उंचीनं कुणी चॅम्पियन होत नाही. त्या उंचीवर लाखो लोक राहत होते. रोज पळणारा, कोचनं सांगितलेलं घोटून करणारा आणि शर्यतीत डोकं शांत ठेवणारा त्यातला एखादाच असतो.

ऑगस्ट १९६० मध्ये, रोमच्या महिनाभर आधी, अबेबेनं अदिस अबाबात २ तास २१ मिनिटं २३ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. तेव्हाचा ऑलिम्पिक रेकॉर्ड चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकच्या नावावर होता, २ तास २३ मिनिटं आणि काही सेकंदांचा. अबेबेनं तो विरळ हवेत मागं टाकला होता. ही बातमी जगानं मनावर घेतली नाही, एवढंच. रोमचा विजय आभाळातून पडलेला नव्हता.

मग बूट का घातले नाहीत?

अबेबेकडं बूट नव्हते असं नाही. रोममध्ये त्यानं नवे बूट घेतले होते. पण ते नीट बसेनात, पायाला फोड आले. मॅरेथॉन धावणाऱ्या कुणालाही विचारा, नव्या बुटानं आलेला फोड म्हणजे काय ते तो सांगेल. पाच किलोमीटरला नुसता टोचतो, तीस किलोमीटरला माणसाला रस्त्याच्या कडेला बसवतो.

अबेबे आणि निस्कानेनपुढं दोन पर्याय होते. चावणारे बूट घालायचे, किंवा वर्षानुवर्षं घट्ट झालेल्या तळव्यांवर भरवसा ठेवायचा. अनवाणी पळायचा सराव होताच. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. हा कोच आणि खेळाडूनं मिळून घेतलेला व्यवहारी निर्णय होता.

तो शेवटचा किलोमीटर

शर्यतीत मोरोक्कोच्या रादी बेन अब्देस्लामवर लक्ष ठेवायचं, असं ठरलं होतं. त्याचा नंबर २६ असणार, ही माहिती अबेबेकडं होती. पण रादी मॅरेथॉनचा नंबर न लावता ट्रॅकच्या शर्यतीसाठी मिळालेला १८५ नंबर लावून उतरला.

आता गंमत बघा. साधारण अर्ध्या शर्यतीपासून अबेबे आणि १८५ नंबरचा गडी हे दोघंच पुढं होते. अबेबे मात्र २६ नंबर शोधत होता. तो पुढं कुठंतरी असेल या हिशोबानं तो पळत राहिला. ज्याला गाठायचं तो आपल्या खांद्याला खांदा लावून पळतोय, हे त्याला कळलंच नाही.

अंधार पडला. प्राचीन अप्पियन रस्त्यावर इटलीचे सैनिक दुतर्फा मशाली घेऊन उभे होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या देशाचं सैन्य अबेबेच्या देशावर चालून गेलं, त्याच देशाचे सैनिक आज त्याला उजेड दाखवत होते.

शर्यत संपायला एखादा किलोमीटर उरला आणि पोर्ता कापेना चौक आला. तिथं दगडाचा एक उंच स्तंभ उभा होता, जवळपास २४ मीटरचा. तो रोमचा नव्हता. उत्तर इथिओपियातल्या अक्सुम या प्राचीन नगरीतला, सुमारे १,७०० वर्षं जुना असा तो स्तंभ होता. १९३७ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीनं तो तिथून उचलून रोमला आणला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या तहात इटलीनं लुटीच्या वस्तू परत करायचं कबूल केलं. तेरा वर्षं उलटली तरी स्तंभ तिथंच होता.

शर्यतीच्या मार्गावर हा चौक दोनदा लागत होता. शेवटचा जोर याच भागात लावायचा, असं आधीच ठरलं होतं. तसंच झालं. अबेबेनं वेग वाढवला आणि रादी मागं पडला. शेवटी दोघांत २५ सेकंदांचं अंतर होतं. आधीचा वर्ल्ड रेकॉर्ड सोव्हिएत युनियनच्या सर्गेई पोपोव्हचा होता. तो अबेबेनं एका सेकंदापेक्षाही कमी फरकानं मोडला. पोपोव्ह त्याच शर्यतीत पाचवा आला.

परतल्यावर बढती आणि तीन महिन्यांत अटक

मायदेशी त्याचं जंगी स्वागत झालं. सम्राटांनी त्याला स्टार ऑफ इथिओपिया हा सन्मान दिला, कॉर्पोरल म्हणून बढती दिली.

पण डिसेंबर १९६० मध्ये सम्राट परदेश दौऱ्यावर असताना राजधानीत उठाव झाला. आणि तो केला कुणी? अबेबेच्याच इम्पिरियल गार्डनं. दलाचा प्रमुख मेंगिस्तू नेवे या उठावाचा म्होरक्या होता. सैन्यानं काही दिवसांत बंड मोडून काढलं, पुढं नेवेला फाशी झाली. अबेबेनं उठावात भाग घेतला नव्हता. तरी दलाचा जवान म्हणून त्यालाही काही काळ ताब्यात ठेवण्यात आलं, आणि मग सोडून दिलं.

१९६१ मध्ये त्यानं ग्रीस, जपान आणि चेकोस्लोव्हाकियातल्या मॅरेथॉन जिंकल्या. जपानमध्ये ओनित्सुका या बूट बनवणाऱ्या उद्योजकानं त्याला गाठलं आणि आपले बूट घालायला राजी केलं. पुढं याच कंपनीचं नाव असिक्स झालं. म्हणजे अनवाणी धावपटू म्हणून प्रसिद्ध असलेला अबेबे रोमनंतर वर्षभराच्या आतच बूट घालून पळायला लागला होता.

१९६३ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये मात्र तो हरला. तो आणि त्याचा सहकारी मामो वोल्डे सुरुवातीला रेकॉर्डच्या वेगानं सुटले, पण थंड वारा आणि न्यूटनच्या चढांनी दोघांना थकवलं. अबेबे पाचवा आला.

ऑपरेशन झालं, पाच आठवड्यांनी टोकियो

१९६४ चं ऑलिम्पिक टोकियोत होतं. तोवर सलग दोन ऑलिम्पिक मॅरेथॉन कुणीच जिंकल्या नव्हत्या. सरावाच्या काळात अबेबेच्या पोटात कळ आली. अपेंडिक्स सुजलं होतं. सप्टेंबरच्या मध्यात ऑपरेशन झालं आणि मॅरेथॉन होती २१ ऑक्टोबरला. मध्ये जेमतेम पाच आठवडे.

तरी तो गेला. सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क पुढं होता. अबेबेनं त्याला गाठलं आणि अर्ध्या शर्यतीच्या सुमाराला सगळ्यांना मागं टाकलं. उरलेलं अंतर तो एकटाच पळत होता. २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंदांत तो स्टेडियममध्ये पोचला. पुन्हा वर्ल्ड रेकॉर्ड. दुसऱ्या नंबरचा धावपटू चार मिनिटांहून जास्त मागं होता. तो होता ब्रिटनचा बेसिल हीटली, आणि मोडलेला रेकॉर्ड त्याचाच होता.

शर्यत संपल्यावर धावपटू कोसळतात, श्वासासाठी धडपडतात. अबेबे मात्र हिरवळीवर गेला आणि व्यायाम करायला लागला. पाय वर करून, हातपाय ताणून. प्रेक्षक थक्क झाले.

लागोपाठ दोन ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकणारा तो पहिला माणूस ठरला. सम्राटांनी त्याला लेफ्टनंट केलं, घर दिलं आणि एक फोक्सवॅगन बीटल गाडी दिली.

ही गाडी लक्षात ठेवा.

मेक्सिको आणि मार्चची ती रात्र

१९६७ पासून पायाच्या दुखापतींनी त्याला गाठलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये तो १ नंबर लावून उतरला, पण साधारण १७ किलोमीटरवर त्याला शर्यत सोडावी लागली. ती मॅरेथॉन जिंकली मामो वोल्डेनं. म्हणजे सलग तिसरं गोल्ड इथिओपियाकडंच गेलं.

अबेबेनं आयुष्यात एकूण १६ मॅरेथॉन धावल्या आणि त्यातल्या १२ जिंकल्या. मेक्सिकोची शेवटची ठरली.

२२ मार्च १९६९ च्या रात्री अबेबे त्याच बीटलमधून जात होता. गाडीवरचा ताबा सुटला, गाडी उलटली आणि तो आत अडकला. पाठीच्या कण्याला जबर मार बसला होता. सुरुवातीला त्याला हातही हलवता येत नव्हते. आठवडाभरात त्याला इंग्लंडच्या स्टोक मँडेविल हॉस्पिटलमध्ये हलवण्यात आलं. तिथं तो अनेक महिने होता. हातांत ताकद परत आली, पण कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं.

वय होतं ३६. जगानं ज्याला केवळ पायांमुळं ओळखलं, त्याचे पायच गेले होते.

व्हीलचेअरवरचा खेळाडू

स्टोक मँडेविल हे काही साधं हॉस्पिटल नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात कण्याला इजा झालेल्या सैनिकांवर इथं उपचार होत. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये याच आवारात व्हीलचेअरवरच्या रुग्णांच्या स्पर्धा सुरू केल्या. उपचाराचा भाग म्हणून खेळ, ही त्यांची कल्पना. या स्पर्धांतूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं.

आणि पहिलं पॅरालिम्पिक म्हणून जी स्पर्धा ओळखली जाते ती कुठं झाली? रोममध्ये, १८ सप्टेंबर १९६० पासून. अबेबेनं मॅरेथॉन जिंकल्यावर बरोबर आठ दिवसांनी, त्याच शहरात. तेव्हा कुणाला वाटलं असेल की दहा वर्षांनी तोही या खेळाडूंमध्ये येऊन बसेल?

१९७० मध्ये अबेबे स्टोक मँडेविलच्या स्पर्धेत तिरंदाजी आणि टेबल टेनिस खेळला. १९७१ मध्ये नॉर्वेतल्या अपंगांच्या क्रीडा स्पर्धेसाठी त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. नुसतं पाहुणा म्हणून बसणं त्याला जमलं नाही. तो स्पर्धेत उतरला आणि बर्फावरून कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीची शर्यत त्यानं जिंकली. ज्याचं आयुष्य आफ्रिकेच्या पठारावर गेलं, तो बर्फातली शर्यत जिंकला.

पायांची ताकद, निसर्गाची देणगी हे सगळं इथं कामाला येणार नव्हतं. नवा खेळ शिकायचा, रोज सराव करायचा, हरायची तयारी ठेवायची आणि तरी उतरायचं, एवढंच उरलं होतं. रोमला त्यानं हेच केलं होतं. अनवाणी पायांच्या गोष्टीत ते दिसलं नाही. व्हीलचेअरवर ते लपायला जागाच नव्हती.

ऑगस्ट १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकला त्याला खास पाहुणा म्हणून बोलावण्यात आलं. तो व्हीलचेअरवरून आला तेव्हा स्टेडियम उभं राहिलं. मॅरेथॉन जिंकलेला अमेरिकेचा फ्रँक शॉर्टर मेडल घेतल्यावर त्याच्याकडं गेला आणि त्यानं हात मिळवला. त्याच महिन्यात, त्याच देशात, हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड मिळवून दिलं होतं. तेही सैनिक, १९६५ च्या युद्धात जखमी झालेले.

एक्केचाळिसाव्या वर्षी निरोप

२५ ऑक्टोबर १९७३ ला मेंदूतल्या रक्तस्रावानं अबेबेचं निधन झालं. अपघातात झालेल्या इजेचाच तो परिणाम होता. वय अवघं ४१. लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. सुमारे ६५ हजार लोक जमले होते, स्वतः सम्राटही आले होते. देशात राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला.

त्यानंतर इथिओपियातून लांब पल्ल्याच्या धावपटूंची रांगच लागली. डेरार्टू तुलू, फातुमा रोबा, हैले गेब्रसेलासी, केनेनिसा बेकेले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची पुरुष मॅरेथॉनही इथिओपियाच्या तामिरात तोलानं जिंकली. दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला सगळ्यात पुढं जो सडपातळ धावपटूंचा जथा दिसतो, त्यात इथिओपियाचे असतातच. तिथला २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा कोर्स रेकॉर्ड २०२३ मध्ये हैले लेमी या इथिओपियाच्याच धावपटूनं केला. डोंगरावरचा एक साधा जवान जग जिंकू शकतो, हे या पिढ्यांनी ज्याच्याकडं बघून मानलं, तो अबेबे.

२०१० मध्ये रोम मॅरेथॉन अबेबेच्या विजयाला ५० वर्षं झाली म्हणून त्याला अर्पण केली होती. जिंकला इथिओपियाचाच सिराज गेना. शेवटचे काहीशे मीटर उरले तेव्हा तो थांबला, बूट काढले आणि अनवाणी पायांनी त्यानं शर्यत पूर्ण केली.

तेव्हा पोर्ता कापेना चौकात तो स्तंभ नव्हता. अबेबे तिथून धावत गेल्यानंतर ४५ वर्षांनी, २००५ मध्ये, इटलीनं तो परत पाठवला. २००८ मध्ये तो अक्सुममध्ये, आपल्या मूळ जागी पुन्हा उभा राहिला.